ओटीतला कागद

सिंदी रेल्वे स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. तिथे माझ्या सासूबाईंना, देवकाबाईंना, लोक मागून 'कागदवाली' म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तिला हे नाव कसं पडलं, ते सांगते. सांगताना माझा आवाज चढेल. चढू द्या. इतकी वर्षं दबक्या आवाजात बोलून कोणाचं भलं झालं?

१९७५ सालचा जानेवारी. माझी नणंद नलू पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. सातव्या महिन्यात सासरी ओटी भरतात, आणि माहेरची माणसं जाऊन मुलीला घेऊन येतात. नलूचं सासर तळेगावचं, श्यामजी पंतांचं तळेगाव म्हणतात ते. एसटीनं वर्धा, मग आर्वी, मग तळेगाव, असा अख्खा दिवस खाणारा रस्ता. मामंजी, म्हणजे माझे सासरे रूपराव, तिला घेऊन आले तेव्हा वावरात कापूस फुटला होता आणि नलू हसतखेळत होती.

कळा सुरू झाल्या तशी सासूबाईंनी गोंडपुऱ्यातल्या रुखमाला बोलावलं. रुखमा दाईनं गावातली निम्मी माणसं या जगात आणली होती. तिनं नलूच्या पोटावर दोन्ही हात ठेवले, डोळे मिटले आणि लगेच हात काढून घेतले.

"देवकाबाई, मूल आडवं हाये. हे माया हातचं काम नाई. वर्ध्याले न्या, आत्ताच."

बैलगाडीनं सिंदी, तिथून पॅसेंजरनं वर्धा. मला लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी मॅट्रिक पास, म्हणून दवाखान्यातल्या पाट्या वाचायला मला सोबत घेतलं. दुपारी एकच्या सुमारास नलूला एका मोठ्या दवाखान्यात खाटेवर घातलं. तरुण डॉक्टर होता. त्यानं तपासलं आणि रुखमानं सांगितलं तेच सांगितलं. मूल आडवं आहे, पोटावरून काढावं लागेल, आत्ता काढलं तर दोघंही वाचतील. मग त्यानं कागद पुढे केला. "सही करा."

मामंजींनी पेन हातात घेतलं. इथे मला खरं बोललं पाहिजे. ते दुष्ट नव्हते. त्यांनी नलूला कधी बोट लावलं नव्हतं. पण पेन त्यांच्या हातात तसंच राहिलं.

"लेक त्याईची हाये, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "म्या देल्ली हाये. उद्या बरंवाईट झालं तं त्याईले काय तोंड दाखवू? सही तळेगाववाल्याईनं केली पाह्यजे."

दिलेली! गाय द्यावी, भांडं द्यावं, तशी दिलेली. आणि दिलेल्या वस्तूवर आपला हात चालत नाही, एवढी नीतिमत्ता माझ्या सासऱ्यांकडे होती. या नीतिमत्तेचं मी काय करू, ते मला आजवर कळलेलं नाही.

सासूबाई पुढे झाल्या. "मी माय हाये तिची. माया आंगठा घ्या."

टेबलामागचा कारकून म्हणाला, "पुरुष माणूस उभा असताना तुमचा अंगठा कशाला, बाई?"

तेवढ्यात खाटेवरून नलू बोलली. दोन कळांच्या मध्ये जेवढा श्वास मिळाला तेवढ्यात बोलली. "पोट मायं हाये. मायाच आंगठा घ्या ना."

कोणी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. सिस्टर म्हणाली, "तू गप पड. जोर लावू नको." बस. एवढंच उत्तर तिला मिळालं.

आणि मी? मी तिथेच उभी होते. त्या सगळ्यांत कारकुनानंतर चांगलं अक्षर माझं होतं. मी तोंड उघडलं नाही. सुनेची सही कोण घेतो, असं मनाशी म्हटलं आणि पदर नीट केला. तो राग माझा माझ्यावर आहे, आणि तो कोणी काढून घेऊ नये.

आमचे हे, मधुकरराव, मिळेल ती एसटी धरून तळेगावला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला नलूचे सासरे लक्ष्मणराव आणि नवरा महादेवराव आले. लक्ष्मणराव सुनेच्या खाटेकडे गेले नाहीत. ते डॉक्टरसमोर बसले आणि त्यांनी दोन प्रश्न विचारले.

"पोट फाडल्यावर वावरात काम करता येईन का तिले?"

"अन् लेकरं किती होतीन पुढं?"

डॉक्टर रात्रभर जागा होता. तो ओरडला, "अहो, आधी ही तरी जगू द्या!" महादेवरावांनी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बाप छताकडे पाहत होता. नवरा असून महादेवरावांना बापाच्या मानेची वाट पाहावी लागली. बऱ्याच वेळानं ती मान हलली आणि सही झाली.

अकराला पोट उघडलं. मुलगा होता, चांगला भरलेला. गेलेला होता. सिस्टर कपड्यांची घडी घालता घालता सहज बोलल्यासारखी म्हणाली, "काल दुपारी काढला असता तर जगला असता."

नलू जगली. पण तळेगावहून तिला न्यायला कोणी आलं नाही. पोट फाडलेली बाई वावराच्या कामाची राहत नाही, म्हणे. दोन वर्षांच्या आत महादेवरावांनी दुसरी आणली. आणि त्याच फाडलेल्या पोटानं नलू पुढे वर्षानुवर्षं आमच्या वावरात कापूस वेचत राहिली. वेच्याला ती सगळ्या बायांच्या पुढे असायची. लक्ष्मणरावांना एकदा आणून बांधावर उभं करावं, असं मला दर हंगामात वाटायचं.

सासूबाई फारशा रडल्या नाहीत. त्या मामंजींशी भांडल्या. रोज, भाकरी थापता थापता.

"तुमी सही नाई केली."

"रीत नाई तशी."

"रीत कोनं केली?"

मामंजी उठून बाहेर जायचे. असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, कागद पेन काढ." शेजारच्या अण्णाजींची थोरली लेक शेवंता जाम गावी दिली होती. तिला सातवा लागला होता आणि दुसऱ्या दिवशी माणसं तिला आणायला जाणार होती. सासूबाईंच्या डोक्यात आलं ते असं होतं. सही सासरच्यांचीच लागते ना? मग पोरगी तिथून निघायच्या आधीच ती घेऊन टाकायची. हातात कागद असला म्हणजे कोणाला एसटीनं धावायला नको.

मी लिहिलं. 'माझी सून सौ. शेवंता हिच्या बाळंतपणात अडचण आल्यास डॉक्टर म्हणतील ते करण्यास आमची काहीही हरकत नाही.' वाचून दाखवलं. सासूबाईंना आवडलं. मलाही आवडलं, काय खोटं बोलू? कचेरीतल्या कागदासारखं वाटत होतं. त्या वाक्यात काय राहून गेलं ते आम्हा दोघींना दिसलं नाही.

सासूबाई त्या माणसांसोबत गेल्या. जामला ओटी भरली. हिरवं लुगडं, तांदूळ, नारळ, खारका. पाच सवाष्णींनी ओटी भरली तशा सासूबाई पुढे सरकल्या. "आता हेही टाका ओटीत."

शेवंताचा सासरा तानबाजी. त्यानं कागद कोणाकडून तरी वाचून घेतला आणि त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला. "शुभ कार्यात पोट फाडाच्या गोष्टी करून राह्यल्या तुमी? काई लाज?" त्याला दुसरीही भीती होती, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. ते १९७६ साल होतं. नसबंदीवाल्यांची जीप दिसली की माणसं तुरीत लपत होती. "आजकाल पोट फाडते अन् त्याच झटक्यात नसबंदी करून टाकते. मले नातू पाह्यजे, कागद नाई."

सासूबाईंनी वाद घातला नाही. त्या पंगतीत जाऊन बसल्या. पुरणपोळी वाढली, तूप वाढलं. त्यांनी हात मांडीवर ठेवले.

"जेवत काऊन नाई, बाई?"

"कागद ओटीत पडला का जेवतो."

ओटीच्या दिवशी व्याह्यांकडची बाई ताटावर उपाशी बसली आहे! ती उठून गेली तर गावभर बोभाटा. ती जेवत नाही म्हणून शेजारची जेवत नाही, शेजारची जेवत नाही म्हणून पंगत अडलेली. वाढणाऱ्या बाया तुपाची वाटी घेऊन उभ्या. पुरण गार होत चाललं. तानबाजी आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. शेवटी त्यानं सही ठोकली आणि कागद नारळाशेजारी फेकला. सासूबाईंनी शेवंताच्या ओटीचा पदर नीट खोचला आणि मग पोटभर जेवल्या. दोन पोळ्या जास्तच खाल्ल्या, असं त्या नंतर हसून सांगायच्या.

शेवंता घरीच, रुखमाच्या हाती बाळंत झाली. कागद लागलाच नाही. पण तेव्हापासून हे सुरू झालं. गावातल्या लेकीला सातवा लागला की तिची आई आमच्या दारात. मी लिहायची, सासूबाई घेऊन जायच्या आणि ताटावर हटून बसायच्या. त्यांना करंट्या तोंडाची म्हणाले, एका ठिकाणी बैलगाडीत बसवून परत पाठवलं. तरी दहा वर्षांत एकोणीस कागद झाले. त्यातले चार खरोखर कामी आले. चार बाया आणि चार लेकरं वाचली, त्यातलं एक आता सायकलवरून शाळेत जाताना मला हात करतं. मी म्हणायची, बघा, माझ्या अक्षरानं जीव वाचतात. गर्वानं फुगले होते मी.

१९८६ साली अण्णाजींची धाकटी लेक कोकिळा माहेरी आली. दहावी शिकलेली, तोंडाची फटकळ. तिच्या ओटीत विसावा कागद होता, सासऱ्याच्या सहीचा. एव्हाना वर्ध्यात नवे खाजगी दवाखाने झाले होते. अण्णाजी हौसेनं तिला अशाच एका दवाखान्यात घेऊन गेले. सकाळी दहाला पोरगी स्वतःच्या पायानं पायऱ्या चढली. रुखमानं आदल्या दिवशी पाहून सांगितलं होतं, "डोकं खाली हाये, सारं ठीक हाये, संध्याकाळपर्यंत व्हईन." डॉक्टरनं कागद पाहिला. बाराला कोकिळाचं पोट फाडलेलं होतं.

लेकरू चांगलं होतं, कोकिळाही. अण्णाजी पेढे वाटत होते. आम्ही दोघी भेटायला गेलो तेव्हा तिथली आया सुलोचनाबाई जिन्यात फडकं मारत होती. सासूबाईंनी विचारलं, "बाई, काय अडलं होतं हो पोरीचं?"

सुलोचनाबाईनं इकडेतिकडे पाहिलं. "अडलं कुठं होतं? साहेबाले संध्याकाळी नागपूरले लग्नाले जायचं होतं. सही तयारच होती, तं म्हनले उरकून घेऊ."

उरकून घेऊ! तिथल्या तिथे माझे कान तापले. बाईचं पोट आहे की लग्नाला जायच्या आधी इस्त्री करायचा सदरा?

महिन्याभरानं कोकिळा टाका सांभाळत आमच्या घरी आली. लेकरू नलूच्या मांडीवर दिलं आणि सासूबाईंसमोर उभी राहिली.

"मामी, मी वरडून वरडून सांगत होती, थांबा म्हनून. मले सोसत होतं. डॉक्टर म्हने, तुया सासऱ्याची सही हाये ना, मंग तुले काय इचारायचं? तुमी तं माया भल्यासाठी केलं. पन मले कोनी इचारलं, सांगा? तुमी तरी इचारलं?"

मग नलू बोलली. मांडीवरच्या लेकराला थोपटत, खाली मान घालून, काही राग नसल्यासारखी.

"माय, मी तं तवाच म्हनली होती. मायाच आंगठा घ्या म्हनून."

अकरा वर्षं! अकरा वर्षं हे वाक्य आमच्या घरात आमच्यासोबत राहत होतं, आमच्या हातची भाकरी खात होतं, आणि आम्ही दोघी गावोगाव सासऱ्यांच्या सह्या गोळा करत हिंडत होतो. विसावर कागद. विसावर पुरुषांच्या सह्या. ज्या बाईच्या पोटाचा कागद, तिची एकावरही नाही. जे त्या कारकुनानं केलं, तेच आम्ही नीट अक्षरात केलं. आम्हाला भांडायचं होतं सही कोणाची चालते यावर, आणि भांडलो आम्ही सही लवकर कशी मिळेल यावर. मला फाडण्याचा राग नाही. फाडल्यानं माणसं वाचतात, नलूचा मुलगा वाचला असता. मला राग आहे तो बाईच्या डोक्यावरून बोलण्याचा, आणि तो राग करण्याचा अधिकार मीच माझ्या हातानं अर्धा घालवला होता.

त्या आठवड्यात गावात दोघी पोटुशा बाया होत्या, दोघींचे कागद झालेले. सासूबाई त्यांच्या घरी गेल्या, कागद मागून घेतले आणि आमच्या चुलीत घातले. मग मला म्हणाल्या, "दुसरे लिही."

मी सुरुवात केली, 'मी खाली सही करणार, सौभाग्यवती...'

"तुयं चांगलं मराठी नको टाकू," त्या म्हणाल्या. "त्या चांगल्या मराठीनंच घात केला. बाई जे म्हनीन तेच लिही. अन् आधी तिले इचार."

तेव्हापासून नवा कागद ओटी भरायच्या आधी पोरीच्या सासरीच लिहिला जाऊ लागला, पोरगी आणि आम्ही मिळून. कोणी म्हणे, शेवटपर्यंत थांबा. एकीनं सांगितलं, मला कळांची फार भीती वाटते, मला लवकर मोकळं करा. तिची आई तिच्यावर खेकसली, तर सासूबाईंनी आईलाच गप्प केलं. "भेव तिले हाये, तुले नाई." पोरीची सही किंवा अंगठा वर, बाकीच्यांच्या सह्या खाली. आणि शाईचा पॅड घेऊन सोबत जायची नलू. टाकलेली बाई ओटीला आली म्हणून लोक कुजबुजायचे. सासूबाई त्यांच्या तोंडाकडे बघत बसायच्या, कुजबुज आपोआप थांबायची.

१९८८ च्या पावसाळ्यानंतर कोकिळाचं दुसरं बाळंतपण आलं. रीतीप्रमाणे दुसरं सासरी व्हायला हवं. कोकिळानं सासरी सांगितलं, मी माहेरी जाणार, आणि आली. एकदा फाडलं की दर खेपेला फाडावंच लागतं, असं सगळेच सांगत होते. आम्ही तिला वर्ध्यातल्याच, पण दुसऱ्या, मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि कोकिळाकडे बघून, अण्णाजींकडे नाही, सांगितलं. टाका चांगला जुळला आहे. वाट पाहता येईल, पण त्यात धोका आहे, डोळ्यात तेल घालून पाहावं लागेल, आणि टाक्यावर ताण दिसला तर ताबडतोब फाडावं लागेल. "तुझं काय म्हणणं?"

"मले वाट पाह्यची हाये," कोकिळा म्हणाली. "अडलं तं फाडा, मी नाई म्हनत नाई. पन मले सांगून फाडा."

मग कागद आला. छापील. खाली सहीची जागा, आणि तिच्याखाली 'रुग्णाशी नाते'. टेबलामागे कारकून. तेरा वर्षांपूर्वीचा तो नव्हे, पण पेन धरायची ऐट तीच. त्यानं कागद अण्णाजींकडे सरकवला. अण्णाजींनी तो लेकीकडे सरकवला. हे सासूबाईंनी त्यांना घरूनच पढवून आणलं होतं.

"पेशंटची सही नको," कारकून म्हणाला. "जबाबदार माणसाची पाहिजे. नवरा कुठे आहे?"

मी बोलायला तोंड उघडलं. या खेपेला मी उघडणारच होते. पण माझ्या आधी नलू पुढे झाली. जी दवाखान्यात पाऊल ठेवायचं टाळायची, ती.

"पोट कोनाचं हाये?" तिनं विचारलं. "तुमचं हाये? नवऱ्याचं हाये? तिचं हाये ना? मंग तिच्याहून जबाबदार मानूस कुठून आनू, सांगा!"

सगळा व्हरांडा वळून पाहायला लागला. डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "घ्या हो तिची सही. मी आहे ना." कोकिळानं एका हातानं टेबलाची कड धरली, कळ जाऊ दिली आणि सही केली.

चारच्या सुमारास कोकिळा मोकळी झाली. टाका फाटला नाही, पोट फाडावं लागलं नाही. मुलगी झाली. पण मी इथे मुलीच्या जन्माची गोष्ट सांगत नाही. फाडावं लागलं असतं तरी मी हेच सांगितलं असतं.

आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दवाखान्यातून कागद पुन्हा तपासायला आमच्याकडे आला होता, गावाचं नाव चुकलं होतं म्हणून. नलूनं तो माझ्या हातातून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्या सहीवर बोट ठेवलं. "हे काय हाये?"

"कोकिळाचं नाव."

बोट खाली सरकलं. "अन् हे?"

"रुग्णाशी नाते. तिथं तिनं लिहिलंय, मी स्वतः."

नलूनं त्या दोन शब्दांवरून बोट फिरवलं. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"वयनी," तिनं मला विचारलं, "एवढंच लागत होतं?"

"हो," मी म्हणाले. "एवढंच."